दान नव्हे, दाम

नाताळ जवळ आला की आमच्या घरांतून दोन याद्या तयार होतात. एक भेटवस्तूंची आणि दुसरी दानाची. पहिल्या यादीत आप्तेष्ट, शेजारी, धर्ममाता-धर्मपिता आणि मुलेबाळे असतात. दुसरीत 'गरीब आदिवासी बांधव'. पहिल्या यादीसाठी आम्ही बाजारात जाऊन प्लास्टिकच्या चांदण्या आणि यंत्राने बनवलेले गोठे विकत आणतो. दुसरीसाठी जुन्या कपड्यांचे गाठोडे बांधतो. ज्याला कपडे द्यायचे, त्याच्या हातची वस्तू विकत घेऊन आपल्या माणसांना भेट द्यावी, असे मात्र आमच्या मनात येत नाही. या दोन याद्या अशा वेगळ्या ठेवण्यातच एक अन्याय दडला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे आमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहेत ते मिशनकार्याच्या वर्गणीमुळे. चांदा येथे सिरो-मलबार ख्रिस्तसभेचे कार्यक्षेत्र १९६२ साली निर्माण झाले आणि १९७७ साली त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. तेथे सेवा करणाऱ्या धर्मगुरू-धर्मभगिनींविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु दुरून वर्गणी देणाऱ्यांना एक वाईट सवय जडते. समोरचा माणूस नेहमी घेणाराच आहे, असे वाटू लागते. त्या जंगलाने आम्हांला काय दिले, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

तो मांडून पाहू. बल्लारपूरच्या कागद गिरणीत या भागातील जंगलांचा बांबू कित्येक दशके गेला. त्या कागदाच्या वह्यांवर महाराष्ट्रातील मुले शिकली. कोणी सांगावे, आमची नाताळची शुभेच्छापत्रेही त्यावरच छापली गेली असतील. बांबू गिरणीला मिळे तो शासनाशी झालेल्या करारानुसार. ज्या गोंड आणि माडिया गावांच्या भोवती तो वाढला, त्यांना त्या व्यवहारात मालक म्हणून स्थान नव्हते.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने हे मुकाट्याने मान्य केले नाही. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा आज सर्वश्रुत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू गावाबाहेर न्यायचा तर परवाना वनखात्याचाच लागे! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. आपल्याच बांबूचे मालक होण्यासाठी एवढा खटाटोप!

आता प्रश्न उरतो तो हाताच्या कामाचा. अख्खा बांबू विकला तर त्याची वस्तू दुसरीकडे घडते आणि तिची खरी किंमतही तिकडेच राहते. त्याच बांबूच्या कामट्या काढून गावातच टोपली, दिवा किंवा गव्हाणी विणली, तर श्रमाचे मोल गावात राहते. परंतु किंमत विणणाऱ्याने ठरवली असेल तरच. मधल्या दुकानदाराने ती ठरवली, तर जंगल परत मिळूनही घामाची मालकी परकीच राहिली, असे म्हणावे लागेल.

हे दुखणे गडचिरोलीपुरतेच नाही. पालघर जिल्ह्यातील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली; आज मात्र वारली आकृत्या कपबश्यांवर आणि पिशव्यांवर यंत्राने छापून विकल्या जातात. आकृती आदिवासींची आणि गल्ला भलत्याचाच. अशी पिशवी घेऊन आपण आदिवासी कलेला हातभार लावला, असे समाधान कोणी मानू नये.

यावर आक्षेप येतील. 'या वस्तू महाग असतात.' महाग कशाच्या तुलनेत? साच्यातून मिनिटाला बाहेर पडणाऱ्या वस्तूशी हाताच्या कामाची तुलना करणेच चूक आहे. 'बांबूला भुंगा लागतो.' लागतो, पण योग्य हंगामात तोडलेला आणि नीट प्रक्रिया केलेला बांबू टिकतो, आणि या प्रक्रियेलाही वेळ व पैसा लागतो. 'आम्ही दान देतोच की.' हा आक्षेप सर्वांत धोक्याचा. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालीच 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात शिकवले की, मजुरी केवळ परस्पर कराराने न्याय्य ठरत नाही; तिच्यात श्रमिकाचा चरितार्थ चालला पाहिजे. जे न्यायाने देणे आहे, ते दान म्हणून देऊन पुण्य कसे पदरी पडेल?

एका नाताळ-जत्रेत आम्ही बांबूच्या वस्तूंचे टेबल पाहिले. वर फलक होता : 'आदिवासींच्या मदतीसाठी'. विकणारे आमच्यातलेच होते; करणाऱ्याचे नाव कोठेच नव्हते. आणि त्या 'मदती'तही लोक दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करीत होते!

म्हणून आमचे धर्मग्रामांना सांगणे आहे. आगमनकाळ सुरू झाल्यावर धावपळ करू नका. गडचिरोलीत ऑक्टोबर-नोव्हेंबरात धानकापणी असते. तेव्हा तेथील माणूस शेतात असतो. गणेशोत्सवाच्या सुमारासच मागणी नोंदवा आणि अर्धी रक्कम आगाऊ द्या. गोंड-माडिया कारागिरांच्या स्वतःच्या गटाकडून किंवा परंपरागत बुरूड कुटुंबांकडून थेट घ्या. घेताना तीन प्रश्न विचारा : वस्तू कोणी केली? किंमत कोणी ठरवली? पैसे कोणाच्या हाती जाणार? आणि मिस्सानंतरच्या विक्रीत टेबलामागे करणाऱ्यालाच बसवा. 'मदती'चा फलक तेवढा काढून टाका.

आम्ही ज्याचा जन्म साजरा करतो, तो नासरेथच्या सुताराच्या घरी वाढला. योसेफाच्या दारी कोणी जुन्या कपड्यांचे गाठोडे ठेवून गेले असते आणि चौरंग मात्र दुसऱ्या बाजारातून घेतला असता, तर त्याला काय वाटले असते, याचा विचार यंदा याद्या करण्यापूर्वी करावा.