आमच्या घरातली सुई कुणाच्या हातात जाते?

माझ्या आईला मधुमेह आहे. ती रोज इन्सुलिन घेते. वापरलेली सुई आम्ही वर्षानुवर्षं स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या पिशवीत टाकत आलो. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी कचऱ्याची गाडी दारात आली. गाडीवरच्या ताईने पिशवी उघडली, ओला-सुका वेगळा करायला आत हात घातला आणि झटकन मागे घेतला. बोटावर रक्ताचा थेंब होता. हातात मोजे नव्हते.

"सूजी गड़ गे," एवढंच ती म्हणाली. पदराला बोट पुसलं. मी घाबरलेली पाहून उलट मलाच धीर दिला, "कांही नइ होय, दीदी."

मी तिला साबणाने आणि वाहत्या पाण्याने हात धुवायला लावला. दुपारी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तपासणीत काही निघालं नाही, पण पुन्हा यायला सांगितलं. तिची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. चूक आमच्या घराची होती आणि खाडा तिचा पडला.

त्या रात्री आजोबांची आठवण झाली. भंडाऱ्याकडच्या गावात मेलेलं ढोर ओढण्याचं काम आमच्या घराण्यावर लादलेलं होतं. आजोबांनी ते नाकारलं आणि भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा इथे मजुरीला आले. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. त्या भट्टीच्या पगारावर वडील शिकले, मी पदवीधर झाले. दोन पिढ्यांत आम्ही दुसऱ्याची घाण उचलणं सोडलं, हे खरं आहे. पण स्वतःची घाण दुसऱ्याच्या उघड्या हातात देणं आम्ही कधी शिकलो, हे कळलंसुद्धा नाही.

कचऱ्याला जात नसते, पण तो उचलणाऱ्या हाताला असते. छत्तीसगड असो की महाराष्ट्र, सफाईच्या कामावर कोणत्या वस्त्यांतली माणसं दिसतात हे सांगायला आकडेवारी लागत नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं होतं की जात नुसती कामं वाटत नाही, काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते. आपण कारखान्यात, बँकेत, शाळेत गेलो आणि सफाईवाली ताई आपल्याला 'दुसरी' वाटू लागली. भिलाईला ही तोड नवी नाही. कायम कामगार आणि ठेका कामगार यांच्यातली दरी या शहराने पाहिली आहे. ठेका कामगारांसाठी लढणाऱ्या शंकर गुहा नियोगींचा १९९१ मध्ये खून झाला, तो याच शहरात.

आपल्याच राज्यातल्या अंबिकापूरच्या स्वच्छतेचं देशभर कौतुक होतं. तिथे बचत गटांच्या बाया घरोघरी कचरा गोळा करतात आणि केंद्रात तो पुन्हा पुन्हा हाताने निवडतात. कौतुक योग्यच आहे. पण कचरा जितक्या वेळा हाताने निवडला जातो, तितक्या वेळा लपलेली सुई, फुटलेली काच आणि गळका सेल कुणाच्या तरी बोटांखाली येतो.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातल्या घातक कचऱ्याला ओल्या-सुक्याहून वेगळं, तिसरं स्थान दिलं. त्यात वापरलेल्या सुया, मुदत संपलेली औषधं, ट्यूबलाइट आणि सीएफएल, बॅटऱ्या, पाऱ्याचे फुटके थर्मामीटर, रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे येत होते. असा कचरा जमा करण्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला किंवा त्याहून कमी क्षेत्राला एक केंद्र उभारायची जबाबदारी नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली. कामगारांना हातमोजे, बूट आणि मास्क मिळायला हवेत, हेही त्यात लिहिलं होतं.

बाजार मात्र वेगळाच न्याय करतो. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कुणी कचऱ्यात टाकत नाही, कारण शिशाला भाव आहे. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो. सुईला, सीएफएलला भाव नाही, म्हणून ती ताईच्या वाट्याला येते. आणि भाव असलेली बॅटरीही परवाना नसलेल्या भट्टीत गेली, तर शिशाचा धूर पुन्हा गरिबाच्याच पोराच्या अंगात जातो. शिसं मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं. म्हणून जास्त पैसे देणाऱ्या भंगारवाल्यापेक्षा जुनी बॅटरी दुकानातच परत करावी.

घरात काय करायचं, ते अवघड नाही. सुई लगेच जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकावी, भरली की झाकणाला चिकटपट्टी लावून वर मोठ्या अक्षरांत 'सुया' लिहावं. दूषित सुईतून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. 'बी'वर लस आहे, 'सी'वर नाही. कुणाला सुई टोचलीच तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि जितकी लवकर तितकी बरी. सीएफएलमध्ये पारा असतो. ती फुटली तर खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर थांबावं, झाडू न मारता जाड कागदाने तुकडे गोळा करून झाकणाच्या बरणीत बंद करावेत. मोबाइलच्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. गाडीत ती दाबली गेली तर पेट घेऊ शकते. जुन्या अँटिबायोटिक गोळ्या नालीत टाकू नयेत. त्यांनी जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. हे सगळं एका वेगळ्या डब्यात ठेवावं आणि देताना आत काय आहे ते सांगून द्यावं.

पण डबा ठेवला की काम संपलं, असं नाही. तो पुढे कुठे जातो हे विचारणं हे आपल्या पदवीचं काम आहे. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बाया १९९३ मध्ये संघटित झाल्या. पुढे त्यांनी वापरलेल्या सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढायला घराघरांना शिकवलं, कंपन्यांनाही जाब विचारला. त्या बायांपैकी अनेकींनी शाळा पाहिली नव्हती. आपण तर अर्ज लिहू शकतो. महापालिकेला माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारा: घातक कचऱ्याची केंद्रं किती आणि कुठे आहेत, ती कोणत्या वेळेत उघडी असतात, आणि हातमोजे कितीजणांना कधी दिले? उत्तर आलं की ते वस्तीत वाचून दाखवा. सफाई कामगारांची संघटना असेल तर आधी तिच्याकडे जा. तिच्या मागण्या तीच ठरवेल, आपण सोबत उभं राहायचं.

आईच्या सुयांची बाटली आता कपाटावर असते. पहिली भरली तेव्हा मी ती ताईच्या हाती दिली नाही. ज्या दवाखान्यात तिला नेलं होतं, तिथल्या नर्सबाईंना विचारलं आणि त्यांच्या सुयांच्या डब्यात रिकामी केली. येता-जाता अर्धा तास लागला. इतकी वर्षं हा अर्धा तास आम्ही दुसऱ्याच्या बोटांवर ढकलत होतो.

जय भीम.