तीन बोटांची परीक्षा

गेल्या पावसाळ्यात पूर्वभागातील एक अव्वा सोळा वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलाला आमटीसुद्धा तिखट लागते आणि तो ताटावरून उठून जातो, एवढीच तक्रार होती. मी त्याला तोंड उघडून स्वतःची तीन बोटे, एकाखाली एक अशी, वरच्या व खालच्या दातांच्या मध्ये घालावयास सांगितले. दोनच गेली. गालाची आतील बाजू पांढुरकी व ताठ झाली होती. चार वर्षे तो मावा खात होता.

माव्यातील सुपारीमुळे तोंडाच्या नाजूक आवरणाखाली तंतू साचतात व तोंड हळूहळू आखडते. सुपारी वेळीच सुटली तर आखडणे पुढे वाढण्याचे बरेचसे टळते. गमावलेले मात्र फारसे परत मिळत नाही. कर्करोगाचा धोकाही उरतो, म्हणून तपासणी चालू ठेवावी लागते. वाचकांनी आपल्या नातवंडांची ही परीक्षा आजच घ्यावी. खेळ म्हणून घ्यावी, म्हणजे मुले बिचकत नाहीत.

पैसे कोठून येतात, असे विचारल्यावर अव्वा प्रथम गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, मिश्रीच्या तंबाखूसाठी मीच त्याला टपरीवर धाडायची. आठ वर्षांचा होता तेव्हापासून. उरलेले सुटे पैसे त्यालाच ठेवू द्यायची.”

मुलाचे वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. विड्या वळणाऱ्या हातांनी हे शहर पोसले आहे; त्या घरात तंबाखूवर प्रवचन देणे मला जमत नाही. अव्वांना रागावणेही व्यर्थ होते. दिवसभर मुलावर नजर असणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

कायदा कडक आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, माव्यालाही ती लागू आहे. अल्पवयीन मुलाला तंबाखू देणाऱ्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पण नुसत्या धाकाने काय होते, हे आपण शेजारच्या मुळेगाव तांड्यावर वर्षानुवर्षे पाहिले. पोलिसांची धाड पडे, हातभट्टी फुटे आणि पुन्हा पेटे. २०२१ मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केले. अधिकाऱ्यांनी एकेक गाव दत्तक घेतले, कारवाईबरोबर समुपदेशन केले, आणि भट्टी सोडल्यावर चूल कशी पेटणार हा प्रश्नही विचारात घेतला.

आमच्या गल्लीतील बैठकीत मला त्याचीच आठवण झाली. एक कानडी शिक्षिका, मशिदीचे विश्वस्त, गणेश मंडळातील तरुण आणि पाच-सहा विडी कामगार भगिनी जमल्या होत्या. टपरीवाल्याचे म्हणणे सरळ होते, “मी दिला नाही, तर पलीकडचा देईल.” तो खोटे बोलत नव्हता. म्हणून गल्लीतील तिन्ही टपऱ्यांशी एकाच दिवशी बोलणे झाले. मंडळाने आपल्या कार्यक्रमांचा चहा-नाश्ता त्यांच्याकडूनच घेण्याचे कबूल केले. मुलांना काहीही विकले जाणार नाही, असा फलक मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दूत लागला. दोन महिन्यांत एकाने शब्द मोडला. तेव्हा त्या भगिनी आपापली सुपे घेऊन त्याच्या टपरीसमोर विड्या वळीत बसल्या. चौथ्या दिवशी त्याने माव्याचे डबे हलविले.

धोका माव्यावर संपत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याच मोहोळ तालुक्यात मेफेड्रोन बनविणारा कारखाना मुंबई पोलिसांनी उघडकीस आणला होता. नातू रात्र-रात्र जागत असेल, वजन घटत असेल, कपड्यांना व्हाइटनरचा किंवा पंक्चरच्या सोल्यूशनचा वास येत असेल, तर मारझोड करू नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी निःशुल्क आहे. फोन आजी-आजोबांनी केला तरी चालतो.

मागील महिन्यात तो मुलगा पुन्हा आला. मावा सुटून पाच महिने झाले आहेत, तोंडाचे व्यायाम चालू आहेत. बोटे अजून दोनच जातात, पण आमटी खातो. अव्वांची मिश्री दिवसातून चारदा होती, ती एकदावर आली आहे. तंबाखू आणावयास आता त्या स्वतः जातात. गुडघे फार दुखतात, अशी तक्रार त्यांनी त्याच दिवशी माझ्याकडे नोंदविली.