भंडारदऱ्याला जाताय? एक रात्र तिथंच राहा

पाऊस जवळ आला की भंडारदऱ्याचे बेत ठरू लागतात. पहाटे निघायचं, कळसूबाई चढायची, रंधा धबधबा बघायचा, रतनवाडीला अमृतेश्वराचं दर्शन घ्यायचं आणि रात्री घरी परतायचं. बोलताना हे सगळं एका दिवसात बसतं. डोंगरात बसत नाही.

म्हणून सांगते, मुक्काम करा. तिथली बरीच दुखणी घाईतून येतात. चढायला उशीर झाला की उतरताना अंधार पडतो. मग दमलेला माणूस गाडी चालवायला बसतो आणि पुढे धुक्यातला घाट असतो.

राहायची जागा घरून निघण्याआधीच पक्की करा. धरणाजवळ शेंडी गावात हॉटेलं आहेत, पर्यटन महामंडळाचं निवासस्थानही आहे. आसपासच्या गावांत घरगुती सोय होते. फोनवरच विचारून घ्या: गाडी दारापर्यंत येते का? संडास घरात आहे की बाहेर? वीज गेली तर काय? आजी-आजोबा सोबत असतील तर पायऱ्या किती, हेही विचारा.

जेवणारी माणसं किती, ते आधी कळवा. कुणीतरी तुमच्यासाठी भाकऱ्या थापून वाट बघत असतं. वाटेत ढाब्यावर पोट भरून जाऊ नका. पैसे रोख ठेवा, कारण मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

कळसूबाईला सकाळी लवकर निघा. १६४६ मीटर उंचीचं हे राज्यातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून वर जायला साधारण तीन तास लागतात. वाटेतल्या लोखंडी शिड्या ओल्या झाल्या की निसरड्या होतात. तिथं दोन्ही हात मोकळे ठेवा. फोटो वर पोचल्यावर काढा. लहान मूल कडेवर घेऊन शिडी चढू नका. विजा चमकू लागल्या तर शिखराचा हट्ट सोडा, शिड्यांपासून लांब व्हा आणि खाली या.

साम्रदची सांदण दरी पावसाळ्यात टाळा. दोन उभ्या कड्यांमधली ती अरुंद फट आहे. पाऊस वर कुठंतरी पडतो आणि पाणी अचानक दरीत येतं. बाजूला व्हायला जागा नसते. गावकरी नको म्हणाले तर वाद घालू नका.

काजवे बघायचे असतील तर मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत जा. नर काजवा मादीला खुणावण्यासाठी लुकलुकतो. गाडीचे दिवे आणि बॅटरीचे झोत पडले की त्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत. गाडी लांब लावा, दिवे बंद करा, झाडाखाली शिरू नका. मुलांना सांगा, काजवा बाटलीत भरायचा नाही.

हा सारा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. नाक्यावर पावती घ्या आणि काय चालतं, काय चालत नाही, ते तिथंच विचारा. स्पीकर घरी ठेवा. रानात जाळ करू नका. चिप्सचं रिकामं पाकीट पिशवीत घाला आणि घरी परत न्या. जुलैत खाचरांत भाताची लावणी चाललेली असते. फोटोसाठी बांध तुडवू नका, ते कुणाचं तरी वर्षभराचं अन्न आहे.

कुणाला साप चावला, कुणी घसरून पडलं, तर १०८ ला फोन करा. रेंज नसेल तर घरमालकाला हाक मारा. फोन कुठून लागतो आणि दवाखान्याचा जवळचा रस्ता कोणता, हे त्यांना ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी न्याहारी करून उजेडात निघा. रंधा आणि अमृतेश्वर यांतलं एक राहिलं तर राहू द्या.

आणि शनिवारी कुठंच खोली मिळाली नाही, तर तसंच निघू नका. पुढचा आठवडा धरा, किंवा रजा काढून मधल्या वारी जा. तेव्हा गर्दीही कमी असते.