राणीचं नाव दगडावर, लेकीचं नाव कुठं?

दिघोरी परिसरातल्या कितीतरी बायकांची रामटेकची वारी ठरलेली असते. धानकापणीतून सवड झाली तर त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला, नाही तर जमेल तेव्हा. बायकांच्या या देवदेवस्कीला नाकं मुरडण्याची चळवळीत जुनी सवय आहे. मला ती पटत नाही. घराबाहेर पडायचं एवढं एकच निमित्त ज्यांना मिळतं, त्यांनी ते का सोडावं? जावं जरूर, पण रामटेक पुरतं पाहून यावं.

‘आपला थोर वारसा’ म्हणून रामटेकचं नाव घेतलं जातं तेव्हा प्रभू रामचंद्र येतात, कालिदास येतो, रघूजी भोसले येतात. याच गडावर केवल-नरसिंहाचं देऊळ आहे. तिथल्या भिंतीवरचा लेख चुन्याच्या थरांखाली दडला होता. तो १९८०च्या दशकात उजेडात आला. लेख बराच झिजलेला आहे. पण अभ्यासकांच्या वाचनाप्रमाणे हे देऊळ वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या स्मरणार्थ तिच्या मुलीनं बांधवलं. आईच्या नावानं लेकीनं उभारलेलं देऊळ, तेही दीड हजार वर्षांपूर्वी!

ही प्रभावती दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा रुद्रसेन लवकर वारला, मुलं लहान. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जवळच्या नंदिवर्धनहून, म्हणजे आजच्या नगरधनहून, तिनं कारभार पाहिला. नगरधनच्या अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली. तिनं जमिनी दान दिल्याचे ताम्रपट आहेत. त्यांतल्या पुण्यात मिळालेल्या ताम्रपटात ती आधी आपल्या माहेरची, गुप्तांची वंशावळ सांगते. गोत्रही बापाचंच लावते.

म्हणून तिला आपल्या चळवळीची आद्य नायिका करायची घाई नको. सत्ता तिच्या हाती आली ती मुलाची आई म्हणून. दानाची जमीन ब्राह्मणांना गेली. ती कसणाऱ्या बायकांची नावं कुणी तांब्यावर कोरली नाहीत. पण ‘लग्न झालं की माहेरचं नाव आणि माहेरचा हक्क संपला, हीच आपली संस्कृती’ असं जे ऐकवलं जातं, त्याला गडावरूनच उत्तर मिळतं. संस्कृती एवढी एकसुरी कधीच नव्हती.

आज काय चाललंय? महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की हा हक्क जन्मानं आहे. २००५ साली बाप हयात असण्याची गरज नाही. आणि गावात? बाप गेला की बहिणीला बोलावणं येतं, हक्कसोडपत्रावर सही घेतात, साडीचोळी देऊन पाठवणी करतात. “भावाशी वाकडं घेऊन माहेर कोन तोडते?” हा तिचा सवाल खोटा नाही. नवऱ्यानं टाकलं तर जायला तेवढंच एक दार असतं. पण त्या घरावर तिचं नाव असतं, तर ते दार भावाच्या मर्जीवर राहिलं असतं का?

तेव्हा बचत गटांच्या सहली रामटेकला जातील तेव्हा रामाचं दर्शन झाल्यावर नरसिंहाच्या देवळातही थांबा. आईच्या नावासाठी लेकीनं काय केलं ते मोठ्यानं सांगा. सासूला सांगा, सुनेला सांगा, बरोबर आलेल्या भावालाही सांगा. घरी परतल्यावर माहेरचा सातबारा काढून वाचा. आणि सहीसाठी कागद पुढं आला, तर सही करण्याआधी तो घेऊन गटात या. वारशाचा अभिमान बाळगायचा असेल तर वाट्यापासून सुरुवात करू या.