पोपट, कोंबडी आणि माझी वरात

लग्न ठरलं की मुलीला टेन्शन कशाचं? साडीचं, मेकअपवालीचं, फार तर पत्रिकेत कुणाचं नाव आधी छापायचं याचं. माझं टेन्शन जरा वेगळं आहे. डीजेच्या लिस्टमध्ये आनंद शिंदे असणार की नाही?

हसू नका. गेले तीन आठवडे दोन घरांत, दोन व्हॉट्सअॅप ग्रुप्सवर आणि एका होऊ घातलेल्या नवऱ्याबरोबर माझी याच विषयावर चर्चा चालू आहे. हॉल पाच मिनिटांत ठरला. मेन्यू एका फोनवर ठरला. हा एक माणूस काही केल्या ठरत नाही.

आधी लोकेशन सांगते. लग्न लिंबागणेशला. बीड तालुक्यात, मांजरसुंबा-पाटोदा रस्त्यावर, माझं आजोळ. आजीला आता प्रवास झेपत नाही आणि नातीचं लग्न दारातच व्हावं हा तिचा हट्ट. पुण्याची मंडळी एका पायावर तयार झाली. होणाऱ्या सासूबाई (सध्या ‘काकू’) म्हणाल्या, “अगं, सगळं तुमच्या पद्धतीने करा, आम्हाला आवडेल. फक्त ते पोपट-बिपट नको हं! जरा बरी गाणी लावा.”

हा निरोप मी मामाला पोचवला. मामा फोनवर थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, “आनंद शिंदे नाही तर मग वरात कामून काढायची गं? दिंडीच काढू की!”

झालं. मॅच सुरू.

आता, आनंद शिंदे कोण हे माहीत नसलेला मराठी माणूस सापडणं अवघड. नाव माहीत नसलं तरी आवाज माहीत असतोच. गणपती विसर्जनाला, हळदीला, कंपनीच्या फॅमिली डेला शेवटच्या अर्ध्या तासात तो आवाज येतो आणि कोपऱ्यात सूप पीत उभे असलेले साहेबसुद्धा टाय सैल करतात. तरी एक छोटासा बायोडेटा.

प्रल्हाद शिंदेंचा हा मुलगा. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटचा जमाना आला. एसटी स्टँडवर, जत्रेत, पानाच्या टपरीवर कॅसेटी मिळायला लागल्या. गाणं लोकांपर्यंत पोचायला ते आधी कुणा मोठ्या माणसाला आवडायला हवं, ही अट संपली. जीपवाल्याला आवडलं की गाव ऐकणार, एवढा साधा फंडा! त्या लाटेत ‘नवीन पोपट’ आला आणि आनंद शिंदे हे नाव घराघरात, खरं तर गाडीगाडीत, गेलं. बरोबर भाऊ मिलिंद. आनंद-मिलिंद म्हटलं की हिंदीवाल्यांना १९८८ च्या ‘कयामत से कयामत तक’चे संगीतकार आठवतात. आमच्या मामाला विचारा. त्याच्या जगात आनंद-मिलिंद म्हणजे शिंदे बंधू. विषय संपला.

मग कॅसेट गेली, सीडी आली, सीडी गेली. पुष्कळ गायक त्यांच्याबरोबर गेले. हा टिकला. २००६ मध्ये ‘जत्रा’ सिनेमात अजय-अतुलच्या संगीतावर वैशाली सामंतबरोबर त्याने कोंबडी पळवली आणि जी पिढी पोपटाच्या वेळी जन्मलीही नव्हती ती त्याच्यावर नाचायला लागली. त्यात मी पण. तिसरी-चौथीत होते. शाळेच्या गॅदरिंगला पिवळा फ्रॉक घालून याच गाण्यावर नाचले होते. २०१६ च्या ‘पोश्टर गर्ल’मध्ये डीजेला आवाज वाढवायला सांगणारं गाणं आलं, त्यात तर मुलगा आदर्श आणि बाप आनंद दोघं एकत्र. म्हणजे बघा, आजोबा, मुलगा, नातू अशा तीन पिढ्या आपल्या कानात आहेत.

आणि तरीही ‘बरी गाणी लावा’.

माझ्या होणाऱ्या नवऱ्याला मी थेट विचारलं, “तुझा नक्की प्रॉब्लेम काय आहे?”

“प्रॉब्लेम नाही गं. थोडं डाउनमार्केट वाटतं, इतकंच.”

हा माणूस गेल्या वर्षी ऑफिसच्या पार्टीत ‘चिकनी चमेली’वर नाचलाय. व्हिडिओ माझ्याकडे आहे. ‘चिकनी चमेली’ म्हणजे २०१२ च्या ‘अग्निपथ’मधलं कतरिनाचं गाणं. संगीत अजय-अतुलचंच, आणि चाल? कोंबडीचीच! मूळ मराठी गाण्याची चाल हिंदीत गेली, श्रेया घोषालने गायली, कतरिना नाचली आणि चमत्कार झाला. डाउनमार्केट गाणं एकदम हॅपनिंग. मी हे सांगितल्यावर साहेब म्हणाले, “पण प्रॉडक्शन व्हॅल्यू बघ ना.” आयटीवाल्यांशी लग्न करताना अशा वाक्यांची तयारी ठेवावी लागते.

काकूंची गंमत तर याहून मोठी. मागच्या गणपतीत मी त्यांच्या घरी आरतीला गेले होते. आरत्या पाठ असलेले आजोबा आता नाहीत, त्यामुळे काकूंनी मोबाईल स्पीकरला जोडून आरत्या लावल्या. तो खणखणीत, किंचित भरड, गर्दीतून वाट काढत येणारा आवाज ऐकला आणि मी मनात म्हटलं, अरेच्चा! प्रल्हाद शिंदे! पंढरीच्या वाटेवरचं त्यांचं गाणं आषाढीला महाराष्ट्रभर वाजतं, सत्यनारायणाच्या मांडवात त्यांचाच आवाज असतो. पोराचा आवाज ‘पोपट-बिपट’ आणि बापाचा आवाज देव्हाऱ्यात. मी टाळ वाजवत राहिले. काही गोष्टी लग्नानंतर सांगाव्यात.

पण हे फक्त आवडीनिवडीचं आहे का हो?

लिंबागणेशला सुट्टीत असताना मला एक गोष्ट कायम जाणवायची. भाद्रपदात देवळाच्या बाजूने शिंदेंचा आवाज यायचा, आरत्या आणि गणपतीची गाणी. चौदा एप्रिलला गावाच्या दुसऱ्या टोकाकडून शिंदेंचाच आवाज यायचा, भीमगीतं. एकच घराणं, एकाच गावातले दोन कर्णे. वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींनी बाबासाहेब गाण्यातून गावोगाव नेले. शिंदे घराण्याने ती परंपरा कॅसेटवर चढवली आणि घराघरात पोचवली. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघंही २००४ मध्ये गेले. पुढे २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांवरची मालिका आली, तिच्या शीर्षकगीतात नातू आदर्शचा आवाज.

तर या दोन कर्ण्यांपैकी एकावर गावात कुणी काही बोलत नसे. दुसरा लागला की मात्र, “जरा आवाज कमी करा म्हणावं त्यांना.” ‘त्यांना’ हा शब्द मी लहानपणी नुसता ऐकला. त्याचा अर्थ पुण्यात मास कम्युनिकेशन करताना कळला. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि एका दलित तरुणाचा खून झाला. त्या बातमीनंतर ‘आपल्याला नाही बुवा असली गाणी आवडत’ हे वाक्य मला कधीच साधं वाटलं नाही. नावड गाण्याची आहे की ते लावणाऱ्याची, हे दरवेळी तपासून घ्यावं लागतं. स्वतःचंसुद्धा.

आणि मामा? मामा ऊसतोडीला ट्रॅक्टर चालवायचा. दसरा-दिवाळीनंतर टोळी घेऊन निघायचं ते उन्हाळा लागताना परत. रात्री कारखान्याच्या बाहेर ट्रॅक्टरची रांग. काट्यावर नंबर लागेपर्यंत कधी पाच तास, कधी पहाट. “झोप लागली की नंबर गेला,” मामा सांगतो. “मग आनंद शिंदे लावायचा फुल. पुढचा ट्रॅक्टरवाला पण जागा, मागचा पण जागा. थंडीत कोपीवर बाया भाकरी थापायच्या, त्यांनाबी ऐकू जायचं.” थंडीत दोन वाजता डोळे उघडे ठेवणाऱ्या आवाजाला तो ‘बरं गाणं’ म्हणतो. मला यापेक्षा चांगली व्याख्या येत नाही.

एवढा दारूगोळा जमल्यावर मी जवळजवळ जिंकले होते. काकूंना, नवऱ्याला, सगळ्यांना एकदम गप्प करणारा मेसेज टाईप करून ठेवला होता. क्लास, मास, कास्ट... सगळं त्यात. सेंड करायच्या आधी म्हटलं, मावशीला वाचून दाखवावा. मावशी म्हणजे आमच्याकडची पहिली शिकलेली बाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती नक्की माझ्या बाजूने असणार!

मावशीने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “पोपट नको लावूस.”

“मावशी, तू पण?”

“तुझ्या सासूचं कारण वेगळं, माझं वेगळं. मी बीडला कॉलेजला जायची तेव्हा रोज स्टँडवर ते गाणं ऐकावं लागायचं. टेपवर नाही. पोरं म्हणायची, माझ्याकडे बघून. एक म्हणायचा, बाकीचे हसायचे. मी मान खाली घालून गाडीत बसायची. दोन वर्षं. आता कुठंही ते गाणं लागलं की माझी मान आपोआप खाली जाते. त्या गायकाचा काय दोष गं, त्यानं मला ओळखलं पण नसेल. पण नको लावूस.”

मी मेसेज डिलीट केला.

खरं सांगते, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी ‘आमची गाणी’ आणि ‘त्यांचं नाक मुरडणं’ अशा दोनच टीम पाडल्या होत्या. मावशी कुठल्याच टीममध्ये बसत नव्हती. ती याच मातीतली, हाच आवाज ऐकत वाढलेली, चौदा एप्रिलला आणि गणपतीलाही तो आवडीने ऐकणारी. तिची तक्रार आवाजावर नव्हतीच. ती डबल मीनिंगवर होती, आणि त्या डबल मीनिंगचं बिल कोण भरतं यावर. गाण्यातला चावटपणा आपल्याकडे नवा नाही, तमाशात तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण गाणं मांडवात वाजतं तेव्हा सगळे मिळून हसतात. तेच गाणं स्टँडवर एका मुलीच्या अंगावर फेकलं जातं तेव्हा हसणारे सगळे आणि सोसणारी एकटी.

म्हणजे ‘नको’ हा शब्द एकच असला तरी म्हणणारे दोन. एकाला त्या गाण्यावर नाचणारे लोक नको असतात. दुसरीला त्या गाण्याने दिलेली आठवण नको असते. पहिल्याशी भांडावं. दुसरीचं ऐकावं. आणि भांडणाच्या जोशात दुसरीला पहिल्याच्या रांगेत उभं करू नये. मी तेच करणार होते.

“मग कोंबडी?” मी भीत भीत विचारलं.

मावशी हसली. “ती लाव. त्यात बाई स्वतः गाते तरी. आणि वैशाली सामंत कुणाला ऐकते का! तू नाचली होतीस गॅदरिंगला, पिवळा फ्रॉक... मीच शिवला होता.”

तर फायनल असं ठरलंय. डीजेच्या लिस्टचा मोबाईल मावशीच्या हातात. गाणी ती निवडणार. मामाला हे कळवल्यावर पुन्हा शांतता, आणि मग, “ताईनं सांगितलं का? मग राहू दे पोपट. बाकीचा आनंद शिंदे तर आहे ना?” आहे, मामा. भरपूर आहे. वरातीची सुरुवात गणपतीच्या गाण्याने, मग बाबासाहेबांवरचं एक, मग कोंबडी, आणि शेवटी डीजेला आवाज वाढवायला सांगणारं ते बाप-लेकाचं गाणं. रात्री दहाला नियमाप्रमाणे सगळं बंद.

काकूंना अजून सांगितलेलं नाही. त्यांना आधी देवळात नेणार आहे. लिंबागणेशच्या गणपतीला भालचंद्र म्हणतात. गावात गोष्ट सांगतात, की चंद्र एकदा गणपतीचं रूप बघून हसला. गणपतीने शाप दिला. मग चंद्राला उतरून याच जागी यावं लागलं, तप करावं लागलं, तेव्हा कुठे गणपतीने त्याला माफ करून स्वतःच्या कपाळावर जागा दिली. काकूंना गोष्टी फार आवडतात. ही मी त्यांना वरात निघायच्या बरोब्बर अर्धा तास आधी सांगणार आहे.

नाचल्या तर पुढच्या वेळी फोटो टाकते!