शेकडा, पण कशाचा?

बेंगळूरूची जुनी पेठ अपुरी पडू लागली, तेव्हा १८९२ मध्ये तिच्या लगत आखीव रस्त्यांची एक नवी वसाहत उभी राहिली. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांच्या नावावरून तिला चामराजपेट म्हणतात. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेचे कार्यालय याच वसाहतीत आहे. येथील मराठी माणसाला कन्नड वर्तमानपत्र हाती घेतल्यावर एक शब्द भाषांतराविनाच भेटतो. तो शब्द म्हणजे ‘शेकडा’. व्याजाचा दर असो वा मतदानाचे प्रमाण, कन्नड वृत्तपत्रे आकड्याआधी ‘शे’ हे त्याचे लघुरूप छापतात. मराठीत मात्र हा शब्द मागे पडून ‘टक्के’ रूढ झाला आहे.

वरवर पाहता दोन्हींचा अर्थ एकच. तथापि ‘शेकडा’ म्हणताना शंभर डोळ्यांपुढे उभे राहतात, ‘टक्के’ म्हणताना ते दिसेनासे होतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ११५० मधील ग्रंथात व्याजाची उदाहरणे आहेत. तेथे दर सांगण्याची रीत ‘दरमहा शंभराला पाच’ अशी आहे. शंभर कशाचे आणि मुदत किती, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या तीन शब्दांतच मिळतात. आजच्या जाहिरातींत आकडा ठळक असतो. हे दोन प्रश्न मात्र अनुत्तरित राहतात. सामान्य माणसाचे नुकसान किंवा गैरसमज होतो तो येथेच.

पहिला प्रश्न, शंभर कशाचे? २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रावरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कर दहाने उतरला, म्हणजे किंमतही दहा टक्क्यांनी उतरणार, अशी अनेकांची समजूत झाली. यंत्राची मूळ किंमत ४०,००० रुपये धरू. पूर्वी करासह ५१,२०० रुपये पडत. नव्या दराने ४७,२०० रुपये पडतात. बचत ४,००० रुपयांची, म्हणजे जुन्या एकूण किमतीच्या सुमारे ७.८ टक्के. कर मूळ किमतीवर मोजला जातो आणि ग्राहक सवलत एकूण किमतीवर मोजतो. दोघांचे शंभर वेगळे आहेत. हे न उमगल्यास प्रामाणिक दुकानदारही विनाकारण संशयास पात्र ठरतो.

दुसरा प्रश्न, मुदत किती? वर्षाचा मालमत्ता कर आरंभीच एकरकमी भरणाऱ्यास पाच टक्के सूट देण्याची पद्धत बेंगळूरूत वर्षानुवर्षे चालत आली आहे. मुदत ठेवीवर सात टक्के मिळत असताना पाच टक्क्यांसाठी पैसे का अडकवावेत, असा विचार एखाद्या घरमालकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ठेवीचे सात टक्के पूर्ण वर्षाचे असतात, तर सुटीचे पाच टक्के भरणा करताक्षणीच पदरी पडतात. कर १२,००० रुपये असेल तर सूट ६०० रुपयांची होते आणि ११,४०० रुपये भरावे लागतात. हेच ११,४०० रुपये सात टक्क्यांनी ठेवले, तर ६०० रुपये व्याज मिळण्यास सुमारे नऊ महिने लागतील. इतका काळ कर थकविल्यास त्यावर व्याज चढते, ते वेगळेच. खासगी सावकाराच्या ‘शेकडा दोन’चेही असेच आहे. ते दोन महिन्याचे असतात. वर्षाचे चोवीस होतात.

हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारावे लागतात ते कर्जाच्या बाबतीत. एक लाख रुपयांचे कर्ज तीन वर्षांसाठी हवे आहे. एकीकडे ‘फ्लॅट’ दहा टक्के दर आहे, दुसरीकडे घटत्या शिलकेवर पंधरा टक्के. दहा हा आकडा पंधरापेक्षा लहान, म्हणून कर्जदार पहिल्या दाराशी जातो. तेथे तीन वर्षांचे व्याज ३०,००० रुपये व मासिक हप्ता सुमारे ३,६११ रुपये होतो. दुसरीकडे हप्ता सुमारे ३,४६७ रुपये असून एकूण व्याज २४,८०० रुपयांच्या आसपास जाते. दिसायला स्वस्त असलेले कर्ज पाच हजारांहून अधिक रुपयांनी महाग पडते. याचे कारण सरळ आहे. ‘फ्लॅट’ पद्धतीत दरमहा मुद्दल फिटत जाते, पण व्याज अखेरपर्यंत पूर्ण लाखावरच मोजले जाते. शेवटच्या महिन्यात केवळ एक हप्ता देणे उरलेले असताना त्या महिन्याचे व्याज ८३३ रुपयेच लागते. घटत्या शिलकेच्या भाषेत हा ‘दहा टक्के’ दर जवळजवळ अठरा टक्के भरतो.

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या नव्या मुदत कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक झाले आहे. त्यात व्याज व इतर आकार मिळून होणारा वार्षिक टक्केवारी दर नमूद असतो. हे विवरण कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे आणि ते त्याला समजावून सांगावे, अशीही त्यात अट आहे. ही अट केवळ सहीपुरती राहू नये. चामराजपेटेसारख्या बहुभाषिक वस्तीत तर शाखेतील कर्मचाऱ्याने टक्क्यांपाशी न थांबता ‘एकूण इतके रुपये परत द्यावे लागतील’ हे वाक्य ग्राहकाच्या भाषेत उच्चारणे, हीच खरी सेवा होय. टक्के ऐकून ग्राहक मान डोलावतो. रुपये ऐकून तो विचार करतो.

ग्राहकांनीही संकोच बाळगू नये. गणित न येणे यात कमीपणा नाही. न विचारता सही करणे मात्र महागात पडते. त्यासाठी पाठांतर लागत नाही की गणकयंत्र. शंभर कशाचे आणि मुदत किती, हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. ज्या ठिकाणी त्यांचे स्पष्ट उत्तर मिळत नाही, तेथे लेखणी खिशातच ठेवणे शहाणपणाचे.