रंजकतेला इतिहासाची सूट कशाला?

इंग्लंडच्या रीजन्सी काळावरच्या, म्हणजे १८११ ते १८२० या वर्षांवरच्या, खेळकर प्रेमकथा हातात घेतल्या की एक पूर्वपक्ष हमखास उभा राहतो. असे तेव्हा घडतच नव्हते, म्हणे. मुली घर सोडून पळत नव्हत्या, नट्यांना सरदारघराण्यात कुणी सून करून घेत नव्हते आणि बायकांच्या हाती पैसा नव्हता.

हा पूर्वपक्ष कागदपत्रांपुढे टिकत नाही. १७८२ मध्ये लंडनचा बँकमालक रॉबर्ट चाइल्ड याची एकुलती एक मुलगी वेस्टमोरलंडच्या अर्लबरोबर स्कॉटलंडमधल्या ग्रेटना ग्रीनला पळून गेली. तेच गाव का, तर १७५३ च्या विवाह कायद्यामुळे २१ वर्षांखालच्या मुलीला वडिलांच्या संमतीवाचून परवान्यावर लग्न करता येत नसे आणि तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. संतापलेल्या बापाने अर्लच्या वारसाला काही मिळू नये अशी मृत्युपत्रात तजवीज केली. पैसा गेला तो नातीकडे. ही नात म्हणजे लेडी जर्सी. ‘आल्मॅक्स’च्या नृत्यसभेत कोणाला पाऊल टाकू द्यायचे हे ठरवणाऱ्या मोजक्या स्त्रियांपैकी ती एक होतीच, शिवाय १८०६ पासून १८६७ मध्ये मरेपर्यंत ती आजोबांच्या बँकेची वरिष्ठ भागीदार होती. कादंबरीत अशी नायिका आली असती तर तिच्यावर आजचे विचार लादल्याचा आरोप नक्की झाला असता. नट्यांचे म्हणाल, तर एलिझाबेथ फॅरन १७९७ मध्ये रंगमंच सोडून डर्बीची काउंटेस झाली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १८१२ मध्ये विणकामाची यंत्रे फोडणाऱ्याला फाशीची तरतूद झाली, १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर निःशस्त्र सभेत घोडेस्वार घुसले, आणि या कथांत मात्र नाचगाणी! आक्षेपामागची कळकळ खरी आहे, पण प्रत्येक कथेने सगळा काळ अंगावर घ्यावा ही मागणी रास्त नाही. जॉर्जेट हेयरची ‘ॲराबेला’ (१९४९) ही कादंबरी पाहावी. पाद्र्याची मुलगी रागाच्या भरात आपण गडगंज श्रीमंत आहोत अशी थाप मारते आणि त्यातून सगळा गोंधळ उडतो. त्याच गोंधळात तिच्या खोलीतल्या धुराड्यातून एक चिमुरडा, मार खाल्लेला पोरगा खाली येतो. आठ वर्षांखालच्या मुलांना धुराडी साफ करायला ठेवू नये असा कायदा १७८८ मध्येच झाला होता. पाळत कोण होते? ॲराबेला त्या मुलाची जबाबदारी भरल्या घरात श्रीमंत नायकाच्या गळ्यात घालते. प्रसंग हसवतो, आणि प्रेमाला वळणही तिथेच मिळते. काळाची क्रूरता कथेत अशीही येऊ शकते, तिला वेगळ्या प्रकरणाची गरज नसते.

‘करमणूकच तर आहे, इतिहास कोण तपासतो?’ असे म्हणणारे चाहते या प्रकाराचे आक्षेपकांहून जास्त नुकसान करतात. त्या समाजातला विनोद उभाच राहतो तो बंधनांवर. पुनर्विवाहाची मोकळीक देणारा घटस्फोट हवा तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. लग्न झाले की बायकोचा पैसा नवऱ्याचा, म्हणून सधन घरे लग्नाआधीच करारनामे करून विश्वस्त नेमत. ही बंधने पुसली की नायिकेच्या धिटाईला किंमत उरत नाही. ती काहीच पणाला लावत नसते. आजकालच्या कित्येक कथांत ड्यूकांची नुसती रांग लागते, पण त्या काळी राजघराण्याबाहेरचे ड्यूक सगळ्या ब्रिटनमध्ये मिळून जेमतेम तीस होते. त्यातले तरुण, अविवाहित किती असणार!

हेयरलाही या कसोटीतून सूट देता येत नाही. ‘द ग्रँड सोफी’ (१९५०) मध्ये नायिका भावी दिराला सोडवण्यासाठी एका ज्यू सावकाराच्या अड्ड्यात एकटी जाते. गाडीघोडे, कपडे, बोलण्याची ढब यांत डोळ्यांत तेल घालून अचूकपणा जपणाऱ्या लेखिकेने हा सावकार मात्र जुन्या द्वेषाच्या साच्यातून जसाच्या तसा काढला. सोफीचे वडील ज्या वेलिंग्टनच्या युद्धकाळात वावरले, त्या वेलिंग्टनच्या, म्हणजे असईच्या लढाईमुळे आपल्याला माहीत असलेल्या आर्थर वेलस्लीच्या, फौजेला १८१४-१५ मध्ये सोने पुरवले ते ज्यू बँकमालक नेथन रॉथशिल्डने. इतिहासाने हेयरपुढे जिवंत माणसे ठेवली होती. तिने बुजगावणे उभे केले आणि सोफीच्या शौर्याचा प्रसंगच पोकळ झाला.